वाट देण्याचा धर्म

रस्त्यात समोरासमोर आलेल्यांपैकी वाट कोणी कोणाला द्यावी, हा प्रश्न भारतीय धर्मशास्त्राने क्षुल्लक मानला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांना वाट द्यावी अशांची गणना आहे आणि तीत वाहनारूढ, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक म्हणजे गुरुगृहीचे अध्ययन संपवून परतलेला, राजा आणि नवरदेव एवढे सारे येतात. महाभारताच्या वनपर्वात जनकाच्या यज्ञाकडे निघालेला बाल अष्टावक्र अशाच नियमाच्या आधारे, ब्राह्मण समोर आल्यास वाट ब्राह्मणाचीच असे सांगून, प्रत्यक्ष राजाला वाट सोडायला लावतो. या नियमात दोन तत्त्वे एकत्र नांदतात, एक अशक्ताविषयीच्या करुणेचे आणि दुसरे प्रतिष्ठेचे. दुसऱ्या तत्त्वाची मजल पुढे कुठवर गेली हे १९२४ मध्ये त्रावणकोर संस्थानात वैकोमच्या मंदिराभोवतालच्या, अस्पृश्य मानलेल्यांना बंद असलेल्या रस्त्यांसाठी जो सत्याग्रह करावा लागला त्यावरून कळते, आणि संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी व तलावांच्या जोडीला रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख केला तो उगाच नव्हे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वसाहतींचे रस्ते पाहता असे म्हणावे लागते की, त्या जुन्या गणनेतला पहिला मानकरी, म्हणजे वाहनारूढ, तेवढा आज शिल्लक राहिला असून बाकीचे सारे गळाले आहेत. सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी पदपथ तोडून मोटारीसाठी उतार केला जातो, त्यामुळे स्टेशन गाठणारी गुडघेदुखीची बाई दर फाटकाला एकदा उतरते आणि एकदा चढते, आणि शेवटी कंटाळून रिक्षांच्या बाजूने डांबरावरूनच चालू लागते. येथे कोणी अधर्माने वागले असे म्हणता येत नाही, कारण वाट कोणी सोडायची याचा निर्णय चालकाच्या सदसद्विवेकापर्यंत पोचण्याआधीच आराखड्यात होऊन गेलेला असतो. पदपथ सलग व सपाट ठेवून मोटारीलाच त्यावर चढून जायला लावले, तर तोच निर्णय उलटा होतो आणि चालकाला सज्जन असण्याचीही गरज उरत नाही. नेदरलँड्समध्ये १९७६ साली कायद्याने मान्यता मिळालेल्या व्होनेर्फ नावाच्या निवासी गल्ल्यांचे सूत्र हेच आहे: गल्ली राहणाऱ्यांची, आणि वाहनाने तीत पावलांच्या गतीने यायचे.

पायी चालणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून बांधण्याची दृष्टी या परिसराला परकी नाही. वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर, ज्यावरील शिलाहारकालीन शिलालेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा आहे, ते भूमिज शैलीचे, म्हणजे ज्याच्या शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी चढत जातात अशा पद्धतीचे आहे. त्याच्या भिंती सरळ न धावता कोनाकोनांनी पुढेमागे होतात, आणि म्हणून बाहेरून फेरी घालणाऱ्याला दर दोन पावलांवर नवी मूर्ती सामोरी येते. नव्या गृहसंकुलांच्या लांबच लांब कोऱ्या कंपाउंड भिंती चालणाऱ्याला असे काहीच देत नाहीत, रात्री सोबतही नाही.

उल्हासनगरचा पेच अधिक अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नामकरण झाले, आणि बराकींची घरे व घरांची दुकाने होत गेली. कॅम्पचे क्रमांक मात्र अजून तेच आहेत. येथे पदपथावर टोपली घेऊन बसलेला विक्रेता म्हणजे जुन्या गणनेतला ओझे वाहणाराच होय, मग त्याला हटवून कोणाला वाट द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात उपजीविकेला जगण्याच्या हक्कात स्थान दिले, तरी पदपथ चालणाऱ्यांसाठी असतात हेही सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, म्हणजे खांब, झाड व टोपली वगळून उरणारी जागा, अपेक्षित आहे. ती मिळवण्यासाठी टोपलीवर हात टाकण्याआधी कडेला दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारींची जागा मोजणे न्यायाचे ठरेल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळारहित व अपंगांना वापरता येतील असे पदपथ हा अनुच्छेद २१ खालील हक्क ठरवला आहे. या तिन्ही शहरांत रस्त्यांचे काँक्रिटीकरण होते तेव्हा कडेची आणि फाटकांची पातळी एकदाच ठरते आणि पुढे ती बदलणे जवळपास अशक्य होते; म्हणून नागरिकांनी काम सुरू होण्यापूर्वीच नगरपालिकेकडे वा महापालिकेकडे आराखडा मागावा आणि त्यात फाटकापाशी कोण चढतो व कोण उतरतो, एवढे तरी पाहून घ्यावे.