मोहताज

आमच्या कोकणी मुसलमान घरांत म्हाताऱ्या माणसांची एक दुआ ठरलेली असते. अल्ला, कुणाचा मोहताज करू नकोस, हातीपायी धड असतानाच उचल. लहानपणापासून आम्ही ती इतक्या वेळा ऐकली की तिचा अर्थ विचारावा असं कधी वाटलं नाही. मोहताज म्हणजे दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसणारा, एवढं ठाऊक होतं. आमच्या आपाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तेव्हा मात्र हा शब्द आमच्या घरातच राहायला आला.

२००९ साली मुंबईत तिचा एमआरआय काढला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, विधवा होती आणि शाळेत शिकवत होती. शार्को या फ्रेंच वैद्याने या आजाराची नीट मांडणी केली ती १८६८ मध्ये, पण राजिवड्यात त्याचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर विजेच्या तारेवर असतं तसं एक आवरण असतं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच त्या आवरणावर उलटते. मग निरोप वाटेत अडतात. पाय जड होतो, नजर धूसर होते, आणि थकवा तर असा येतो की झोपून उठलं तरी जात नाही. उष्म्याने हे सगळं वाढतं. रत्नागिरीचा मे महिना म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

पण या आजाराची खरी अडचण वेगळीच आहे. तो रोज सारखा दिसत नाही. सकाळी आपा ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापायची आणि असरच्या वेळेला मोरीपर्यंत जाताना भिंत धरायची. लोक म्हणत, काल तर चालत होती! दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो तर तिथल्या माणसाने तिला चालून दाखवायला सांगितलं. ती आठ पावलं चालली. तो आमच्याकडे असा पाहू लागला, जणू आम्ही लबाडी करतोय. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत हा आजार नव्हता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार धरले, त्यांत तो नावानिशी आला. कागद सुधारला. नजर सुधारायला वेळ लागतो, आणि त्यात आमचीही नजर आली.

कारण आम्ही तिची खिदमत करत होतो. तिला औषध देणं, रिक्षातून नेणं-आणणं, तिच्यासाठी मासळी आणणं, हे सगळं मनापासून करत होतो. मोहल्ल्यात नावही होत होतं. बहिणीला कसं फुलासारखं ठेवलंय बघा, असं बायका म्हणत. सवाब मिळत होता, शाबासकीही मिळत होती. त्यात आपाला काय मिळत होतं, हे आम्ही विचारलं नव्हतं.

२०१९ च्या हिवाळ्यात तिला घेऊन उमऱ्याला गेलो. तिथे हरममध्ये वरच्या मजल्यावर तवाफसाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात. आम्ही ढकलायची खुर्ची बघत होतो, तर आपा एका गाडीवर जाऊन बसली. अंगठ्याने कळ दाबली की पुढे, सोडली की जागच्या जागी थांबते. तिने सातही फेरे स्वतः केले, आम्ही मागून धावत होतो. उम्मे सलमा आजारी असताना त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करायला सांगितलं गेलं होतं, ही हदीस आम्हांला तोंडपाठ होती. ती आपल्या घरालाही लागू पडते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. परतल्यावर महिनाभराने ती म्हणाली, “मला तसली गाडी हवी.”

आमचं पहिलं उत्तर होतं, “अजून तर चालतेस!” तिचं म्हणणं साधं होतं. अंगात दिवसाला ठरावीक ताकद येते, ती चालण्यात खर्च केली तर बोलायला, बघायला, घासाघीस करायला काही उरत नाही. गाडी पायांच्या ऐवजी नको होती, पायांची बचत म्हणून हवी होती. ही गाडी मुळात अशाच माणसासाठी जन्मली आहे. १९६८ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲलन थीम नावाच्या, नळजोडणी-दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाने हाच आजार झालेल्या आपल्या बायकोसाठी ती बनवली. ‘अमिगो’ असं नाव ठेवलं, म्हणजे दोस्त. हे आपानेच शोधून आम्हांला ऐकवलं.

करोनात दोन वर्षं गेली. मग निवड सुरू झाली आणि आमची खोड पुन्हा वर आली. कुवेतच्या भाच्याने फोटो पाठवले, आम्ही चर्चा केली आणि चार चाकांची, सगळ्यांत महागडी गाडी ठरवून टाकली. आपाला शेवटी सांगितलं. तिने मोजपट्टी मागितली. आमच्या गल्लीचं वळण आणि दरवाजाची रुंदी मोजली तेव्हा कळलं की ती गाडी घराबाहेर पडलीच नसती. तीन चाकांची गाडी लहान जागेत वळते पण उतारावर कलंडायची भीती अधिक, चार चाकांची ठाम पण वळायला जागा मागते. रत्नागिरीत सपाट रस्ता शोधावा लागतो. शिवाय दांडा धरायला हातांत बळ लागतं. हात गेले तर ही गाडी निकामी, मग बोटाच्या कळीवर चालणारी खुर्चीच घ्यावी लागते. आमच्यातल्या एकाने स्कूटीला बाजूची दोन चाकं लावून घेण्याचं सुचवलं. ती सोय चांगली आहे, पुष्कळांना उपयोगी पडते. पण ती दुकानात शिरत नाही, आणि आपाला पाय उचलून तिच्यावर बसणंच कठीण होतं.

तिने तीन चाकांचीच घेतली, २०२२ च्या दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर. कशासाठी हवी, हे आम्ही तोवर विचारलंच नव्हतं. डिस्पेन्सरी, नातेवाईक, फार तर मांडवीवर वारा खायला, असं आम्ही धरून चाललो होतो. ती पहिल्याच आठवड्यात मिरकरवाड्याला गेली. बांगडे घेऊन आली. बांगडे शिळे होते. तेरा वर्षांत मासळीचा कल्ला उचलून पाहिला नव्हता, हात विसरला होता. आम्ही हसलो, ती हसली नाही. दुसऱ्या खेपेला चांगले आणले.

पुढच्या महिन्यात गटाराच्या कडेला पुढचं चाक उतरलं आणि ती पडली. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक पडली. त्या रात्री आम्ही गाडीची चावी कपाटात ठेवली. ही गोष्ट लिहायला संकोच वाटतो. आम्ही तिला सांगितलंही नाही, नुसती चावी सापडेना झाली.

आमची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ती पडली तर उचलायचं आम्हीच, हाड मोडलं तर सहा महिने करायचं आम्हीच. ज्याला निस्तरावं लागतं त्याला अडवायचा हक्क नाही का? आम्ही हा प्रश्न तिला विचारला तेव्हा तिने धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. तो भर पावसात मुंबई-गोवा महामार्गावरून मोटारसायकल हाणतो. पडला तर त्याचंही आपणच करणार, त्याची चावी आजवर कुणी लपवली? आम्ही म्हणालो, त्याचे पाय त्याला दगा देत नाहीत. ती म्हणाली, “माझे कधी देतात ते मला ठाऊक असतं, त्याला ठाऊक नसतं.” तिच्याकडे खरोखरच एक वही आहे. नजर धूसर असेल त्या दिवशी ती गाडीला हात लावत नाही. तो दिवस कुठला हे ठरवते मात्र ती.

चावी परत दिली. निस्तरणाऱ्याला बोलायचा हक्क आहे, विचारलं जाण्याचाही आहे, पण कुलूप घालायचा नाही, असं आमचं आज मत आहे. उद्या या आजाराने विचारशक्तीवरच परिणाम केला, आणि तो तसा करू शकतो, तर हे मत टिकेल का, हे सांगवत नाही. आपालाही विचारलं. ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा, आजच कशाला घेता?

त्या दिवसांत तिने आम्हांला नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचायला लावलं. ऐन उमेदीत कमरेखालचं शरीर गेलेली ही बाई नोकरी करते, १९८४ साली कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभी करते, पुढे सिंधुदुर्गात काजूच्या कामाला माणसं लावते. वाचून आम्ही भारावलो. आपा वैतागली. “मला संस्था काढायची नाय, बांगडे आणायचे आहेत,” म्हणाली. लंगड्या माणसाने एकतर खाटेवर पडावं नाहीतर डोंगर हलवावा, मधलं काही आपण त्याला देतच नाही, हे तिचं गाऱ्हाणं आहे आणि ते आम्हांला पटतं.

गाडीमुळे ती मोकळी झाली असं आम्ही एका पाहुण्याला सांगत होतो. तिने मधेच टोकलं. बॅटरी भरायला वीज लागते, ती पावसाळ्यात जाते. मोटर खारट हवेने अडते, तेव्हा ई-रिक्षा दुरुस्त करणारा मुलगा लागतो. बंदरावर उतारावर जायला नको म्हणून एक कोळीण टोपली घेऊन वर येते. “मोहताज आहेच मी,” आपा म्हणाली, “पण आता दहा जणांची. अगोदर तुमच्या चौघांचीच होते.”

पाहुणे गेल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प होतो. ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच लागलं.

यंदा उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली आहेत. अंगठ्याची कळ डाव्या बाजूला घेता येते का, हे तिने त्या ई-रिक्षावाल्या मुलाला स्वतःच विचारलं. तो येत्या जुम्याला नमाजनंतर येणार आहे. आम्हांला तिने चहा-बटर तेवढं आणून ठेवायला सांगितलंय.