बटणावर कोण उभं आहे?

वाई,
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. चिऊस,


परवा व्हिडिओ कॉलवर तुझा आवाज बसलेला वाटला. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं आत्या, दोन रात्री जागले." तुझ्याकडे दुपारचे चार वाजले होते आणि मागच्या खिडकीत मिट्ट काळोख. डिसेंबरात हेलसिंकीला जेमतेम सहा तास उजेड असतो, हे तूच मला सांगितलं होतंस. पण ऐकणं वेगळं आणि तो काळोख तुझ्या पाठीमागे बघणं वेगळं. फोन ठेवला, कुकर लावला, पण जीव तुझ्यातच अडकला होता. फोनवर तू "हो गं, हो गं" करून विषय बदलतेस, म्हणून आज पूजा आटोपल्यावर कागद घेऊन बसले आहे.

इकडे सगळं ठीक आहे. घाटावर पहाटे बोचरी थंडी असते. पाचगणीच्या वाटेवर स्ट्रॉबेरीचे ठेले लागले. परसातल्या पेरूला यंदा इतकी फळं धरलीत की शेजारच्या काकूंकडे रोज एक पिशवी जाते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. तुझी आठवण काढतात.

आता मनातलं सांगते. त्या दोन रात्री तू का जागलीस, ते तू सहज बोलून गेलीस आणि मला तेच लागून राहिलं. तुमच्या अभ्यासाच्या गटात चौघं. पण "त्यांना समजावत बसण्यापेक्षा मी एकटीनं केलं की पटकन होतं," असं म्हणून तू सगळ्यांचं काम स्वतः उरकलंस. चिऊ, तुझी हुशारी मला ठाऊक आहे. तुला ते जमलं असणार आणि चांगलंही झालं असणार. म्हणूनच काळजी वाटते. ज्याला एकट्यानं सगळं जमतं, त्याला थांबवायला कुणी येत नाही.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची असताना मे महिन्यात तुम्ही दोघं भावंडं इथे आला होतात? हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर दिवसभर एकच खेळ, फायरबॉय अँड वॉटरगर्ल. लाल मुलगा पाण्यात पडला की संपला, निळी मुलगी लाव्ह्यात पडली की संपली आणि हिरवा चिखल दोघांनाही घातक. दोघांना एकच कीबोर्ड. मुलगी चालते डावीकडच्या डब्ल्यू-ए-डीवर, म्हणून तू डावीकडे. मुलगा चालतो बाणांवर, म्हणून दादा उजवीकडे. कोपराला कोपर लागायचं आणि भांडणं व्हायची.

एक दुपार मला अगदी डोळ्यांसमोर दिसते. दादाचा लाल मुलगा खाली एका बटणावर उभा होता, त्यामुळे तुझी फळी वर जात होती. तू वर पोचलीस, निळे हिरे गोळा करत पळत सुटलीस आणि ओरडलीस, "दादा, चल ना, नुसता उभा काय राहिलायस!" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी हललो तर तू खाली येशील." तू दारापाशी जाऊन उभी राहिलीस. पुढे काहीच होईना. तिथे दोन दारं असतात आणि दोघं आपापल्या दारात उभी राहिल्याशिवाय पुढचा टप्पा मिळत नाही. मग तू मागे फिरलीस, वरच्या बटणावर जाऊन उभी राहिलीस आणि त्याची फळी वर घेतलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुझं तुलाच उमगलं होतं.

तुझ्या बाबांचंही असंच होतं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा त्याच्या मित्रानं फ्लॉपीवर एक खेळ दिला होता, द लॉस्ट व्हायकिंग्ज. 1993 चा. ज्या कंपनीनं तो केला तिचं नाव तेव्हा सिलिकॉन अँड सिनॅप्स होतं, पुढे तिचंच ब्लिझर्ड झालं. तीन व्हायकिंग परग्रहावरच्या एका राजाच्या तावडीत सापडतात, त्यांना घरी न्यायचं. एरिक जोरात पळतो, उंच उडी मारतो आणि शिरस्त्राणानं भिंत फोडतो. बॅलिऑगकडे तलवार आणि धनुष्यबाण. ओलाफकडे फक्त ढाल. तो ना उडी मारत, ना लढत. तुझ्या बाबांना एरिक आवडायचा. तो एरिकला घेऊन सुसाट सुटायचा आणि बाकीचे दोघं सुरुवातीलाच राहायचे. शेवटी एरिक बाहेर पडायच्या जागी पोचायचा आणि तिथे काहीच व्हायचं नाही. तिघंही जिवंत पोचले तरच टप्पा संपतो. एक जरी मेला तरी तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक टप्प्याचा चार अक्षरी पासवर्ड आम्ही अकाउंट्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत होतो.

आणि त्या ओलाफला आम्ही किती दिवस ओझं समजत होतो! मग एका उंच कपारीपाशी एरिकचीही उडी पुरेना. बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ओलाफनं ढाल डोक्यावर आडवी धरली की तिच्यावर एरिक उभा राहू शकतो आणि तिथून उडी पोचते. तीच ढाल डोक्यावर धरून ओलाफ उंचावरून हलकेच तरंगत खाली येतो, जिथून बाकीचे दोघं उडी मारून मेले असते. हा खेळ करणाऱ्यांनी म्हणे आधी पुष्कळ व्हायकिंग ठेवायचं योजलं होतं, मग कमी करत तिघांवर आले. मला ते फार पटलं. माणसं मोजकी असावीत, पण प्रत्येकाशिवाय कुठेतरी अडावं.

तू म्हणालीस, गटातली एक मुलगी फार हळू आहे, बोलतच नाही, पण चित्रं मात्र सुरेख काढते. बाळा, हे सांगताना तू "पण" कुठे टाकलास ते बघ. चित्राचं कौतुक तू शेवटी जाता जाता केलंस. कदाचित तीच तुमची ढाल असेल. कपार आल्याशिवाय ते कळत नाही आणि तू तर कपार येण्याआधीच सगळं काम उचलून घेतलंस.

काही माणसं खरोखर अंगचोर असतात, हे मी नाकारत नाही. खेळात कुणाला काय येतं ते पहिल्याच मिनिटाला कळतं, आयुष्यात कळायला महिने जातात. तरी आधी विचारून बघावं. विचारल्यावरही कुणी टाळलं तर तो त्याचा दोष. न विचारताच आपण सगळं ओढून घेतलं तर त्यात थोडा आपलाही वाटा असतो.

हे मी अनुभवानं सांगते. तुझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने मी कुणाला हात लावू दिला नाही. औषधं, अंघोळ, रात्रीची जागरणं, सगळं मीच. तुझे बाबा पुण्याहून यायचे, मी म्हणायचे, "तू बस, मी बघते." मला वाटायचं, मी त्याचा त्रास वाचवतेय. एका रविवारी तो आजीच्या खोलीबाहेर जिन्यावर बसला होता. मला म्हणाला, "ताई, मला काय करायचं ते सांग तरी. ती माझीही आई आहे." मी पाण्याचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्या रात्री पहिल्यांदा त्याला तिच्याजवळ बसवलं. आई माझ्या हातून चार घास खायलाही तोंड फिरवायची. त्यानं तिला तिच्या माहेरच्या गोष्टी विचारल्या, ती बोलत राहिली आणि बोलता बोलता वाटीभर खीर संपली. तीन महिन्यांत मला जे साधलं नव्हतं ते त्याला एका रात्रीत साधलं, आणि मी ते अडवून बसले होते.

गेल्या वर्षी तू मला ट्राइन हा खेळ दाखवलास ना, तुझ्याच हेलसिंकीतल्या फ्रोझनबाइटनं 2009 साली केलेला? अमेडियस जादूगार हवेतून पेट्या काढतो, पॉन्टियस सरदार ढाल-तलवारीनं लढतो, झोया चोरटी दोर फेकून लोंबकळते. तू म्हणालीस, "एकटीनंही खेळता येतो गं, फक्त अदलाबदल करायची." खरंच येतो. पण मी बघत होते, एकटी खेळताना तिघांतला एकच पडद्यावर असतो. झोया आली की अमेडियस गेला. मग दादा येऊन बसला आणि दोघंही एकदम दिसू लागली. तू जादूनं पेटी हवेत धरलीस, तिच्यावर दादाचा सरदार उभा राहिला आणि तू त्याला खड्ड्यापलीकडे नेलंस. अमेडियसला स्वतःच्या पेटीवर उभं राहून उडता येत नाही. दुसऱ्याला मात्र तो नेऊ शकतो. एकटीनं काम होतं, चिऊ, पण काही वाटा दुसरं माणूस सोबत असल्याशिवाय उघडतच नाहीत.

म्हणून सांगते, मनावर घे. पुढच्या कामाला बसशील तेव्हा आधी तिघांना विचार, "तुम्हाला यातलं काय करायला आवडेल?" आणि उत्तर येईपर्यंत थांब. गप्प बसलेल्याला लगेच निकामी ठरवू नकोस. आणि रात्री दमून एकटी बसशील तेव्हा तुझ्यासाठी कोण बटणावर उभं आहे तेही आठव. तुझ्या फीचे हप्ते भरणारे बाबा, रोज सकाळी तुझ्याकडचं हवामान बघणारी तुझी आई. आम्ही हलत नाही, कारण आम्ही हललो तर तू खाली येशील. पण तुझ्याकडूनही कधीतरी हाक यायला हवी. तू आजारी असशील तर सांग. जेवली नसशील तर सांग. मदत मागितली की माणूस लहान होत नाही गं.

एक गंमत सांगायची राहिली. दादानं पुण्यात इट टेक्स टू घेतला आहे. स्टॉकहोमच्या हेझलाइटनं 2021 साली केलेला, तुझ्या समुद्रापलीकडचाच. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याला मोठा पुरस्कारही मिळाला. त्यात नवरा-बायकोच्या दोन छोट्या बाहुल्या होतात, कोडी आणि मे. एका भागात कोडीकडे खिळे असतात, मेकडे हातोडी. त्यानं भिंतीत खिळा मारायचा आणि तिनं त्याला हातोडी अडकवून झोका घ्यायचा. खिळ्याशिवाय हातोडी निरुपयोगी आणि हातोडीशिवाय खिळा. हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. एकानं विकत घेतला की दुसऱ्याला फुकट सामील होता येतं. दादा आठवडाभर तो घेऊन बसला आहे आणि सुरू करू शकलेला नाही. तुला विचारायला संकोचतो, "ती कामात असेल" म्हणतो. तोही तुझाच भाऊ.

रविवारी तुझ्याकडे तीन वाजतील तेव्हा इथे साडेसहा झालेले असतील. मी त्याला इकडेच बोलावलंय. खिळे तो सांभाळेल. हातोडी तू घे.

तब्येतीला जप. गरम पाणी पी, केस ओले ठेवून झोपू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. संक्रांतीच्या आत पोचाव्यात म्हणून तिळाच्या वड्या आजच पाठवते आहे. दोन डबे आहेत. मोठा डबा तुझ्या गटातल्या तिघांचा. त्या चित्रं काढणाऱ्या मुलीला पहिली वडी दे.