कशावरून?

२७ फेब्रुवारीच्या सकाळी मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांनी फोन भरून जातो. एका संदेशात कुसुमाग्रजांचं छायाचित्र असतं, दुसऱ्यात वि. वा. शिरवाडकरांना अभिवादन, आणि आपण दोन्हींना सारखेच हात जोडतो. कविता कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचं, माणूस मात्र एकच, हे कुणी मुद्दाम समोर बसवून शिकवल्याचं आठवत नाही. पाठ्यपुस्तकात कवितेच्या वर बारीक अक्षरांत कधीतरी वाचलेलं असतं, तेवढं पुरतं.

संगणकाला तेवढं पुरत नाही. त्याच्या लेखी ‘कुसुमाग्रज’ ही अक्षरांची एक ओळ आणि ‘शिरवाडकर’ ही दुसरी. दत्तक जाण्याआधीचं गजानन रंगनाथ हे नाव धरलं तर तिसरी. ‘नटसम्राट’चा घोळ याच्या उलटा. तिथे अक्षरं तीच, पण १९७० साली रंगभूमीवर आलेलं नाटक वेगळं आणि २०१६ चा चित्रपट वेगळा. नुसती अक्षरं जुळवून शोध घेणारं यंत्र इथे ठेचकाळलं नाही तरच नवल.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांना ही अडचण फार आधी दिसली होती. जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांच्यासह त्यांनी मे २००१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक लेख लिहिला. त्यातल्या गोष्टीत लुसी आणि पीट ही बहीणभावंडं आहेत. आईला फिजिओथेरपी हवी आहे. घरापासून वीस मैलांच्या आत, आईच्या विम्यात बसणारा, नावाजलेला आणि दोघांच्याही सवडीच्या वेळी मोकळा असेल असा उपचारक त्यांचं सॉफ्टवेअरच शोधून काढतं. त्यासाठी वेबवरची माहिती यंत्राला उमगेल अशा रीतीने मांडायला हवी, असं त्या तिघांचं म्हणणं. या मांडणीला त्यांनी नाव दिलं ‘सिमँटिक वेब’.

मांडणी तशी साधी आहे. प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या छोट्या विधानात सांगायची: शिरवाडकर, जन्मस्थान, पुणे. पुणे, राज्य, महाराष्ट्र. पहिल्या विधानाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं होतं आणि साखळी तयार होते. मग शिरवाडकरांचा जन्म महाराष्ट्रात झाला असं वेगळं लिहून ठेवावं लागत नाही, यंत्र ते स्वतः काढतं. अट एकच. दोन्ही विधानांतलं ‘पुणे’ हे तेच पुणे आहे याची खात्री हवी. म्हणून प्रत्येक वस्तूला नावाखेरीज एक कायमची ओळख द्यायची. शेताला ‘वरचा मळा’ म्हणा की ‘आंब्याचं वावर’, सात-बाऱ्यावर गट नंबर एकच, तसंच हे. २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या विकिडेटा या सार्वजनिक ज्ञानकोठारात पुण्याचा क्रमांक ‘क्यू १५३८’ आहे आणि मुंबईचा ‘क्यू ११५६’. मराठी भाषेलाही क्रमांक आहे, ‘क्यू १५७१’. संबंधांनासुद्धा क्रमांक आहेत. जन्मस्थान म्हणजे ‘पी १९’, टोपणनाव म्हणजे ‘पी ७४२’. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, आरती प्रभू, ग्रेस अशा टोपणनावांच्या आपल्या परंपरेला त्या ‘पी ७४२’ची किती गरज आहे, हे वेगळं सांगायला नको.

लुसी आणि पीटचं ते सॉफ्टवेअर काही आलं नाही. लेखक कोरी डॉक्टरो यांनी २००१ मध्येच लिहून ठेवलं होतं की माहितीला नीट लेबलं लावत बसण्याइतकी माणसं कष्टाळू नसतात, आणि स्वतःच्या फायद्यासाठी खोटी लेबलंही लावतात. हे बरंचसं खरं ठरलं. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून लेबलांची एक सामायिक यादी काढली, तेव्हा मात्र पाककृतींच्या संकेतस्थळांनी शिजायला किती मिनिटं लागतात ते निमूटपणे भरायला घेतलं. शोधात आपली पाककृती उठून दिसते म्हटल्यावर आळस पळाला. ध्येयवादाला जे जमलं नाही ते गिऱ्हाइकाच्या ओढीने केलं, आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही.

आता तर सगळी चर्चा भाषा बोलणाऱ्या यंत्रांची आहे. ती अफाट मजकूर वाचून कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द येतो याचा अदमास बांधतात, आणि तो बहुतेकदा थक्क करण्याइतका बरोबर येतो. मग ही तीन तुकड्यांची खटपट कालबाह्य झाली का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण ज्ञानेश्वरांच्या जन्मसालात आहे. कुणी शके ११९३ मानतं, कुणी शके ११९७. म्हणजे इसवी सन १२७१ की १२७५, हा आपल्याकडचा जुना वाद. बोलक्या यंत्राला विचारलं तर ते यातलं एखादं साल ठणकावून सांगण्याची शक्यता असते, आणि ते कुठून आलं हे त्याला धड सांगता येईलच असं नाही. विकिडेटाच्या नोंदीत दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहिता येतात, प्रत्येकाखाली त्याचा आधार जोडता येतो, आणि एकाला अधिक ग्राह्य म्हणून वर ठेवता येतं. वाद आहे हेसुद्धा तिथे माहिती म्हणून नोंदवता येतं.

यंत्राला अर्थ ‘कळतो’ का, यावर तत्त्वज्ञांनी खुशाल भांडावं. मला त्या तीन तुकड्यांच्या विधानात आवडते ती त्याची उत्तरदायी वृत्ती. त्याला ‘कशावरून?’ असं विचारता येतं. मराठी माणसाला हा प्रश्न जन्मजात येतो. पंगतीत, पारावर, संपादकाला लिहिलेल्या पत्रात तो विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. यंत्राला तो विचारण्याची सोय कुणीतरी आधी करून ठेवावी लागते. ते काम करणारी माणसं बहुतांशी बिनपगारी असतात. कोठाराच्या एखाद्या नोंदीला मराठी नाव नसेल तर पानावर दुसऱ्याच भाषेतलं नाव दिसतं किंवा नुसता क्रमांक. ते नाव भरायला खातं उघडण्याचीही सक्ती नाही.

फक्त नोंदीवरचा ‘संदर्भ’ हा रकाना उघडून पाहावा. कधी तिथे ग्रंथाचं नाव आणि पानाचा क्रमांक असतो. पुष्कळदा रकाना रिकामाच असतो. आणि कितीतरी ठिकाणी ‘कशावरून?’ला उत्तर मिळतं ते एवढंच: इंग्रजी विकिपीडियावरून.