योसेफाचे नीतिमत्त्व आणि गरोदर मातेची चाचणी



आगमनकाळात आपण मत्तयलिखित शुभवर्तमानातून संत योसेफाची हकिकत ऐकतो. पवित्र मरियेची त्याच्याशी मागणी झाली होती, आणि ते एकत्र येण्यापूर्वीच ती गरोदर असल्याचे दिसून आले. गावात बोभाटा करणे योसेफाला सहज शक्य होते. खरे काय ते त्याला अजून समजले नव्हते, तरी तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही, हे त्याने ठरवले. शुभवर्तमानकार त्याला नीतिमान म्हणतो ते याच ठिकाणी. पुढे देवदूताचा निरोप मिळताच त्याने भीती सोडून तिला घरी आणले.

याच सुमारास, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिन येतो. म्हणून आज एका चाचणीविषयी बोलू या.

गरोदर स्त्रीने दवाखान्यात नाव नोंदवले की हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एच.आय.व्ही.ची तपासणीही सुचवली जाते. ती प्रत्येकीला सुचवली जाते. त्यामुळे कोणाच्या चारित्र्यावर संशय घेण्याचा प्रश्नच येत नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तिची संमती लागते आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. ती नाही म्हणू शकते. पण बाळासाठी तिने हो म्हणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

का, ते पाहा. मातेला संसर्ग असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर गर्भात, बाळंतपणात किंवा दुधावाटे शंभरांतील १५ ते ४५ बाळांना तो होऊ शकतो. वेळेवर औषधे मिळाली तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. १९८६ मध्ये भारतात पहिले रुग्ण आढळले, तेव्हा मातेच्या हाती देण्यासारखे काहीच नव्हते. पुढे आपल्या पुण्यातही यावर काम झाले. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने इथिओपिया व युगांडा येथील संशोधकांबरोबर अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापीन देऊन पाहिले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहाव्या आठवड्यापर्यंत संसर्गाचे प्रमाण सुमारे निम्मे झाले होते. त्या अभ्यासात सहभागी झालेल्या मातांचे आपण ऋणी आहोत. २०१४ पासून भारतात संसर्ग असलेल्या प्रत्येक गरोदर मातेला कायमस्वरूपी तिहेरी औषधोपचार देण्याचे धोरण आहे, आणि सरकारी केंद्रांत तो मोफत मिळतो.

मग अडते कोठे? बहुतेक वेळा घरातच.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक साधा भेद शिकवला जातो: जे आपल्याला आधी कळते, ते आधी घडलेले असतेच असे नाही. धूर आधी दिसतो, पण विस्तव त्याच्या आधीच पेटलेला असतो. घरात चाचणी पहिल्यांदा होते ती सुनेची, कारण ती गरोदर असते. म्हणून कळते तेही पहिल्यांदा तिचेच. आणि लगेच घर म्हणते, “हिनेच आणले.” नवऱ्याची तपासणी अजून झालेलीही नसते! आपल्या देशात पुष्कळ विवाहित स्त्रियांना हा संसर्ग पतीकडूनच झालेला असतो. याचा अर्थ आता पतीकडे बोट वळवावे असा नव्हे. दोष देऊन कोणाचाच आजार बरा होत नाही. पण त्या दोषाच्या भीतीने स्त्री चाचणी टाळते, गोळ्या लपवते, मध्येच सोडते, आणि त्याची किंमत तान्हे बाळ मोजते.

म्हणून पतींनो, पत्नीच्या पहिल्या तपासणीला तुम्हीही जा आणि त्याच दिवशी आपलेही रक्त तपासून घ्या. दोघांचे एकदम कळले की “आधी कोण” हा प्रश्नच उरत नाही. सासूबाईंनो, अहवाल काय आला ते शेजारी सांगू नका. मुठा खोऱ्यातल्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात; जाताना तपासणीचे कार्ड बरोबर द्या आणि चालू औषधे खंडित होऊ देऊ नका. पहिल्या तपासणीत शंका आली तरी घाबरू नका. पक्के निदान पुढच्या चाचण्यांनंतरच होते. बाळाला जन्मानंतर औषध द्यावे लागते आणि त्याच्याही तपासण्या अठरा महिन्यांपर्यंत पुऱ्या कराव्या लागतात. कोणाला विचारायचे हे सुचत नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

आपण गोठ्यातल्या बाळाची वाट पाहत आहोत. त्या बाळाला सुखरूप जगात आणण्यात योसेफाचा मोठा वाटा होता, आणि त्याची सुरुवात झाली ती एका स्त्रीची अब्रू राखण्यापासून. आपल्या धर्मग्रामातल्या प्रत्येक गरोदर मातेला घरात असा एक योसेफ लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.