याकोबाने मिळवलेला आशीर्वाद: काही शंका

शंका: मोठा मुलगा धाकट्याची सेवा करील, असे परमेश्वराने जुळ्यांच्या जन्माआधीच सांगितले होते. मग थोरल्या एसावाचे सोंग घेऊन वडील इसहाकाकडून आशीर्वाद मिळवताना धाकट्या याकोबाने केलेली फसवणूक देवाच्याच योजनेचा भाग मानायची का?

समाधान: उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात हे वचन जुळ्यांची आई रिबका हिला मिळते. पुढे काय होणार, एवढेच त्यात आहे. ते कोणी आणि कोणत्या मार्गाने घडवायचे, याविषयी त्यात एक शब्दही नाही. करडांची कातडी मुलाच्या हातांना आणि मानेला गुंडाळावी, त्याला थोरल्याचे कपडे घालावेत, हे सारे रिबकेच्या मनातले. तिचा वचनावर विश्वास होता, पण ते पूर्ण करण्याचे काम देवावर सोपवून थांबण्याइतका धीर नव्हता. याच घराण्यात एक पिढी आधी सारेनेही अशीच घाई करून हागारेला अब्राहामाकडे पाठवले होते आणि त्यातून घरात दुःखच आले.

ही घाई अनाठायी होती, हे 28 व्या अध्यायावरून दिसते. तिकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. वेषांतर करून याकोबाने जो आशीर्वाद मिळवला, त्यात आकाशाचे दहिवर, धान्य, द्राक्षारस आणि भाऊबंदांवर सत्ता या गोष्टी होत्या. अब्राहामाला दिलेले वतन आणि संततीचे वचन त्यात नव्हते. ते इसहाकाने नंतर दिले, याकोबाला जवळ बोलावून, तो याकोबच आहे हे ठाऊक असताना. जे सर्वांत मोलाचे होते ते सोंग न घेताच मिळाले.

शंका: वडिलांना मूल लहानसहान खोटे सांगते, तसेच हेही नव्हे का? एवढा दोष का द्यायचा?

समाधान: प्रसंग जवळून पाहिला की हे खोटे लहान वाटत नाही. इसहाक म्हातारा आहे, त्याला दिसत नाही. आवाज ऐकून तो शंकित होतो, मुलाला जवळ बोलावून हात चाचपतो, तू खरोखर एसावच का असे पुन्हा विचारतो, शेवटी चुंबन घ्यायला सांगतो आणि कपड्यांना येणारा रानाचा वास घेतो. खरे बोलण्याची संधी याकोबाला एकदा नव्हे, अनेकदा मिळते आणि प्रत्येक वेळी तो पुढचे खोटे बोलतो.

त्यातले सर्वांत गंभीर उत्तर वेगळेच आहे. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे वडील विचारतात, तेव्हा तुमच्या देव परमेश्वरानेच ती समोर आणली, असे तो सांगतो. आपले कपट झाकायला देवाचे नाव पुढे करणे हा बापाला फसवण्याहून मोठा अपराध आहे. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, ही आज्ञा लेवीय 19 मध्ये पुढे येते. तिथे या आज्ञेला देवाच्या भयाची जोड दिली आहे, कारण अशा अपराधाचा साक्षीदार बहुधा देवच असतो.

शंका: मग दोष एकट्या याकोबाचा का?

समाधान: नाही. शिकारीचे मांस आवडायचे म्हणून इसहाकाचा ओढा एसावाकडे होता, रिबकेचा याकोबाकडे. आईबापांनी मुले वाटून घेतली आणि मुले तशीच वाढली. एसावाने तर एका जेवणापायी, मसुरीच्या वरणासाठी, ज्येष्ठत्वाचा हक्क विकून टाकला. एवढा मोठा आशीर्वाद इसहाक एकाच मुलाला खासगीत द्यायला निघाला होता, हेही ध्यानात ठेवावे. भेदभावाचे हे दुखणे पुढच्या पिढीतही उतरले. योसेफाला पायघोळ झगा करून देणारा बाप हाच याकोब.

शंका: फसवणाऱ्याला शिक्षा झाली का? की देवाने डोळेझाक केली?

समाधान: करावे तसे भरावे, ही म्हण इथे पुष्कळ अंशी लागू पडते. थोडे दिवस मामा लाबानाकडे राहून ये, म्हणून रिबकेने त्याला हारानला पाठवले. ते थोडे दिवस 20 वर्षांचे झाले आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे उत्पत्तीत कुठेही नाही. लाबानाची धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी 7 वर्षे राबल्यावर लाबानाने लग्नाच्या रात्री थोरली लेआ त्याच्या स्वाधीन केली आणि सकाळी जाब विचारल्यावर सांगितले की थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची इथे रीत नाही. थोरल्याचा मान हिरावून आलेल्याला हे उत्तर कसे लागले असेल, हे सांगायला नको. म्हातारपणी त्याच्याच मुलांनी बकऱ्याच्या रक्तात भिजवलेला योसेफाचा झगा त्याच्यापुढे टाकला. बापाला फसवताना त्याने करडांची कातडी वापरली होती.

तरीही ही कथा नुसत्या फेडीची नाही. घरातून पळालेल्या त्याच माणसाला बेथेल येथे, दगड उशाला घेऊन निजला असताना, देव दर्शन देतो आणि सोबत राहण्याचे वचन देतो. तिथे त्याला दटावणीचा एक शब्दही ऐकावा लागत नाही. कृपा मिळाली, परिणाम टळले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक धरून दुसरी सोडली की कथेचा अर्थ बिघडतो.

शंका: एखाद्याने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सही घेऊन किंवा बहिणीकडून गोड बोलून हक्कसोडपत्र करून घेऊन घर आपल्या नावावर केले. आता त्याला पश्चात्ताप झाला आहे. देवापुढे पाप कबूल केले की पुरे, की भावाबहिणींकडेही जायला हवे?

समाधान: जायलाच हवे. याकोबाच्या कथेत याहून स्पष्ट असे दुसरे काही नाही. एसाव 400 माणसे घेऊन येत असल्याचे कळल्यावर तो भयभीत होतो आणि प्रार्थना करतो. काठीखेरीज काही हाती नसताना मी यार्देन ओलांडली, तुझ्या दयेला मी पात्र नाही, असे तो देवाला सांगतो. मात्र तेवढ्यावर थांबत नाही. शेळ्या, मेंढ्या, दुभत्या सांडणी, गाई, गाढवे मिळून 550 जनावरे, शिवाय सांडणींची पिले, तो भावासाठी पुढे धाडतो. यात भीतीचा भाग मोठा होता, हे मान्य करावे लागते. पण भीतीपोटी सुरू झालेले पाऊलही योग्य दिशेने पडू शकते.

त्याच रात्री यब्बोक नदीच्या उताराजवळ पहाटेपर्यंत त्याची एका पुरुषाशी झुंज होते आणि त्याला नाव विचारले जाते. वडिलांनी विचारले होते तेव्हा त्याने एसावाचे नाव सांगितले होते. आता तो स्वतःचे सांगतो आणि नंतरच त्याला आशीर्वाद मिळतो. सकाळी तो लंगडत जाऊन भावापुढे सात वेळा भुईपर्यंत लवतो. भाऊ तुला नमन करतील, असे कपटाने मिळवलेल्या आशीर्वादात म्हटले होते. इथे नमन करणारा तोच आहे.

म्हणून वरील प्रश्नातल्या माणसाने चूक तोंडाने मान्य करावी आणि कागदही दुरुस्त करून द्यावा. घर हातात ठेवून मागितलेली माफी भावाबहिणींना पटत नाही आणि पटावी अशी अपेक्षाही करू नये. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने मत्तयाच्या 5 व्या अध्यायात सांगितले आहे. जक्कयाने तर फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती.

शंका: समेट झाल्यावर पुन्हा एकत्र राहायला हवे का?

समाधान: तशी सक्ती नाही. एसाव धावत येऊन याकोबाच्या गळ्यात पडला, दोघे रडले आणि आपल्याजवळ पुष्कळ आहे म्हणत त्याने भेट घ्यायला आधी नकार दिला. फसवल्या गेलेल्याच्या मनाचा हा मोठेपणा कथेत उठून दिसतो आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. त्यानंतर याकोबाने मागोमाग तुझ्याकडे सेईरला येतो असे सांगितले आणि तो सुक्कोथला गेला. त्याची जुनी सवय पुरती सुटली नव्हती. दोघांची बिऱ्हाडे वेगळीच राहिली. पण इसहाक 180 वर्षांचा होऊन वारला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. पुढे मोशेच्या नियमशास्त्रातही इस्राएल लोकांना ताकीद दिली आहे की एसावाच्या वंशातल्या अदोमी माणसाचा तिरस्कार करू नये, कारण तो भाऊ आहे.