पदवीचे वचन आणि त्याचा पुरावा

अलीकडे महाविद्यालयांच्या अभ्यासक्रम-पुस्तिकांत प्रत्येक विषयाच्या आरंभी ‘अध्ययन-निष्पत्ती’ या मथळ्याखाली काही वाक्ये छापलेली आढळतात. अभ्यासक्रम पुरा केल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, हे त्यांत सांगितलेले असते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ साली स्थापन झाली, अभियांत्रिकी शिक्षणात भारताला २०१४ साली वॉशिंग्टन कराराचे कायम सदस्यत्व मिळाले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विचाराला आणखी बळ दिले. तेव्हा ही वाक्ये आता टळणारी नाहीत. विचार करावयाचा तो त्यांतील नैतिक जबाबदारीचा.

वकिलाच्या दृष्टीने असे प्रत्येक वाक्य म्हणजे एक प्रतिपादन होय. जो प्रतिपादन करतो त्याने ते सिद्ध करावे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. ‘आमच्या पदवीधराला वादपत्र तयार करता येईल’ असे विधी महाविद्यालय म्हणते, तेव्हा सिद्धतेचा भार त्याच्यावर येतो. वादपत्राची व्याख्या पाठ म्हणवून घेतल्याने तो उतरत नाही. पक्षकाराची विस्कळीत हकीकत, दोन-चार पत्रे आणि जमिनीचा एखादा उतारा विद्यार्थ्यापुढे ठेवावा. त्यांतून दाव्याचे कारण, मुदत व मागणी त्याला वेचून काढता येते की नाही, हे पाहावे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन व अभिरूप न्यायालय हे विषय सक्तीचे ठेवले आहेत. तरीही २०११ पासून अखिल भारतीय वकिली परीक्षा घेतली जाते, आणि ती घेण्याचा कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ साली मान्य केला. केवळ पदवीच्या शब्दावर विसंबता येत नाही, अशीच ही कबुली नव्हे काय?

व्यवहारात होते ते असे. प्रत्येक निष्पत्तीपुढे १, २, ३ असे अंक मांडतात, परीक्षेच्या गुणांची सरासरी काढतात आणि ‘साध्य’ असा शेरा मारतात. वचन देणारा, प्रश्न काढणारा आणि वचन पाळले गेले असे ठरवणारा पुष्कळदा एकच असतो. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा न्यायाचा पहिला धडा तेथे विसरला जातो.

याहून कठीण प्रश्न शीलाचा. ‘विद्यार्थी नीतिमान होईल’ असेही आता लिहिले जाते. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण केले, ते ज्ञानापासून मूल्यमापनापर्यंतच्या सहा बौद्धिक पायऱ्यांचे होते. भावना व मूल्ये यांसाठी त्यांना १९६४ साली वेगळा ग्रंथ काढावा लागला. व्यावसायिक नीतीच्या उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याला नियम ठाऊक आहेत एवढेच कळते. पक्षकाराचे पैसे हाती आल्यावर तो कसा वागेल, हे कळत नाही.

मग शील शिक्षणातून वगळावे काय? मुळीच नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपल्यावर आचार्य शिष्याला सत्य, धर्म आणि स्वाध्याय यांविषयी आज्ञा करतात. हा शिष्य सत्यवचनी झाला आहे, असा दाखला मात्र ते देत नाहीत. उलट, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच अनुसर, असे सांगून ते स्वतःचे आचरणच शिष्याच्या पारखेला खुले करतात. आज्ञा आणि दाखला यांतील हा भेद आपण जपला पाहिजे. जे दाखवून देता येते त्याचे वचन द्यावे व पुरावा ठेवावा. जे दाखवता येत नाही ते आचरणाने शिकवावे, पण त्याला गुण देऊ नयेत. केवळ मोजता येत नाही म्हणून ते वेळापत्रकातून काढून टाकणे, हाही तितकाच मोठा अपराध ठरेल.

देवस्थानाच्या जमाखर्चात तूट असेल तर ती महाजनांपुढे मांडावी लागते. मुलांना महाविद्यालयात धाडणाऱ्या पालकांनी आणि शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांनी महाविद्यालयालाही असेच विचारावे : गेल्या वर्षी यांपैकी कोणते वचन पुरे झाले नाही, आणि त्यानंतर आपण शिकवण्यात काय बदल केला? ‘सर्वच वचने पुरी झाली’ असे उत्तर आले, तर तेथे मूल्यमापन झालेच नसावे, असे खुशाल समजावे.