बांधाबाहेरचं नत्र

युरियाचं पोतं पूर्वी पन्नास किलोचं असे. 2018 पासून ते 45 किलोचं झालं. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे 20 किलो 700 ग्रॅम. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी जवळजवळ आठ पोती. कोल्हापूर-सांगलीकडच्या बागायतदाराला हा हिशेब तोंडपाठ असतो, आणि त्यावर ‘ऊस काळाभोर दिसायला पाहिजे’ म्हणून आणखी एखादं पोतं पडतं ते वेगळंच. यातलं पिकानं किती घेतलं आणि उरलेलं गेलं कुठे, हा पुढचा हिशेब मात्र घरच्या वहीत नसतो. तो देशाच्या वहीत असतो.

उरलेल्या नत्रातला थोडा भाग शेतातच जिवाणूंच्या हाती लागतो आणि नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. प्रिस्टलीनं 1772 मध्ये शोधलेला, पुढे हास्यवायू म्हणून जलशांत मिरवलेला हाच तो वायू. हवेत शतकभर टिकतो, ओझोनचा थर खातो आणि किलोला किलो धरून शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता धरून ठेवतो. तो नेमका कधी निघतो हे सांगायला मराठीत एक शब्द तयार आहे: वाफसा. माती वाफशावर असली की तिच्यात हवाही खेळते आणि ओलही राहते. वाफसा मोडून रान चिंब झालं की प्राणवायू संपतो, जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि त्या ओढाताणीत नायट्रस ऑक्साइड निसटतो. पूर्ण पाण्याखालच्या मातीत बरंचसं काम नायट्रोजनपर्यंत पुरं होतं. अर्धवट घुसमटलेल्या मातीत ते मधेच सुटतं.

हे झालं प्रत्यक्ष उत्सर्जन. माझं कुतूहल आहे ते बांध ओलांडून गेलेल्या नत्राबद्दल. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात, दुपारच्या उन्हात, ओल्या सरीत युरिया फेकला आणि तो मातीआड केला नाही, तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. तो सह्याद्रीच्या जंगलात पडेल, नाहीतर समुद्रावर. दुसरी वाट पाण्याची. नायट्रेट मातीच्या कणाला धरून राहत नाही. पाणी नेईल तिकडे जातं. विहिरीत उतरतं, ओढ्यातून पंचगंगेला मिळतं, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत शिरतं आणि कर्नाटकात जातं. या प्रवासात कुठल्या तरी तळाच्या गाळात किंवा परक्या मातीत त्याचा थोडा नायट्रस ऑक्साइड होतो. यालाच ‘अप्रत्यक्ष’ म्हणतात. शब्द मला फसवा वाटतो. उत्सर्जन प्रत्यक्षच असतं; फक्त ते आपल्या नजरेआड, दुसऱ्याच्या रानात होतं.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, या प्रवासाला आकडे दिले आहेत. 2006 च्या पद्धतीनुसार रासायनिक खतातलं 10 टक्के नत्र उडतं आणि त्यातल्या एक टक्क्याचा हा वायू होतो. 30 टक्के झिरपतं किंवा वाहून जातं, त्यातल्या पाऊण टक्क्याचा होतो. आपल्या पोत्याला हे लावून पाहा: शेतातून सुमारे 325 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, बांधाबाहेर आणखी 106 ग्रॅम. त्या 106 ग्रॅमचा भार 29 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. आणि तो कुठेही निघो, खत जिथे टाकलं त्या देशाच्याच नावावर पडतो. गाव सोडून गेला म्हणून कर्ज फिटत नाही, तसं.

आकडे मात्र पेन्सिलीचे आहेत. झिरपलेल्या नत्राचा गुणक 1996 च्या मार्गदर्शिकेत अडीच टक्के होता. दहा वर्षांनी तो पाऊण टक्का झाला, कारण भूजलातून निघणारा वायू धरला होता त्याहून कमी असल्याचं मोजमापांत दिसलं. 2019 च्या सुधारणेत तो पुन्हा चढून 1.1 टक्के झाला. म्हणजे एकही पोतं कमी न करता देशोदेशीचं उत्सर्जन खाली आलं आणि परत थोडं वर गेलं. मला यात लबाडी दिसत नाही. जमिनीखालचं पाणी मोजणं अवघडच आहे. पण पॉल क्रुटझेनसारख्या नोबेलविजेत्यानं 2008 मध्ये सहकाऱ्यांसह उलट्या टोकानं, वातावरणात वाढलेल्या वायूवरून मागे हिशेब केला, तेव्हा नव्यानं स्थिर केलेल्या नत्राचा तीन ते पाच टक्के वाटा या वायूत जातो असं निघालं. गुणकांनी तो आपल्या पोत्यापुरता सव्वा टक्क्याच्या थोडा वर येतो. त्यांच्या हिशेबात तेच नत्र जनावरांतून, शेणखतातून पुन्हा पुन्हा फिरतं, हा फरक धरूनही अंतर विचार करायला लावतं. त्याच लेखात मका आणि मोहरीवर्गातल्या रेपसीडच्या इंधनाचा फायदा शंकास्पद ठरला, उसाचा टिकला. पण तो ऊस हेक्टरी 400 किलोवर पोसलेला नव्हता. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं कौतुक करताना ही बारीक अट आपण वाचत नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन हात झटकणं मला पटत नाही. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्याच्या बाहेर ठेवला. पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळत असताना हात आखडायला कुणी का जावं? 2015 पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप आहे. लेपानं नायट्रेट सावकाश बनतं, हे चांगलंच. मात्र नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस वर पडून राहिलं तर उडायलाही जास्त सवड मिळते. एक मोरी बुजवली की पाणी दुसरी शोधतं. म्हणून खत मातीआड करणं हे लेपाइतकंच महत्त्वाचं.

आयपीसीसीच्या त्या पद्धतीत आणखी एक कलम आहे. झिरपण्याचे 30 टक्के सगळीकडे धरायचे नाहीत. पाऊस जमिनीच्या धारणेपलीकडे जातो तिथे किंवा ओलिताखालच्या रानातच धरायचे, आणि ओलितातूनही ठिबक वगळायचं. कमी पावसाच्या मुलखातल्या ठिबकाखालच्या एकराला त्या रकान्यात शून्य. तत्त्व म्हणून बरोबर आहे: थेंबानं दिलेलं पाणी मुळांखाली जाऊ नये. पण शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी आठवडा-आठवडा रात्रीची असते. काळोखात शिवारात कोण जाणार, म्हणून मोटारीला ऑटो स्टार्टर बसवलेला. दोन-अडीचला वीज येते, मोटार आपोआप सुरू होते, ठिबकाच्या नळ्या असल्या तरी पाट मोकळा सोडलेला असतो, आणि उजाडेपर्यंत सरी काठोकाठ भरते.